वाचकांचे प्रश्न : विक्रम का आदळला, विक्रम कसा उतरला

प्रश्न : चांद्रयान-२ चा विक्रम २०१९ मध्ये चंद्रावर आदळला. त्याच नावाचा लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला अलगद उतरला. मधल्या काळात नेमकं काय बदललं?

उत्तर : ब्रेक कमी पडले म्हणून पहिला विक्रम आदळला, असं बऱ्याच जणांना वाटतं. सुरुवात झाली ती उलट कारणाने. पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. मधल्या टप्प्यात खालच्या जमिनीची छायाचित्रं घ्यायला यान एका स्थितीत धरून ठेवलं होतं, त्यामुळे ही तफावत लगेच निस्तरली गेली नाही, साचत गेली. मग यानाला झपाट्याने वळावं लागलं, तर वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरनेच लगाम घातलेला. त्यात उतरायची जागा अवघी ५०० बाय ५०० मीटर. जमीन जवळ आली तरी तो चौकोन गाठायला यान आडवा वेग वाढवतच राहिलं.

पुढच्या खेपेला जागा सुमारे ४ बाय २.५ किलोमीटर केली. मधलं इंजिन काढलं, इंधन वाढवलं, पाय सेकंदाला ३ मीटरचा धक्का सोसतील असे केले. आमच्या मते सर्वांत मोलाची भर लेझर डॉप्लर वेलोसिमीटरची. जमिनीच्या तुलनेत यानाचा वेग तो तिन्ही दिशांनी थेट मोजतो.

प्रश्न : एक इंजिन काढल्यावर जोर पुरला कसा?

उत्तर : हिशेब सोपा आहे. ८०० न्यूटनची चार, म्हणजे ३२०० न्यूटन. लँडर, पोटातल्या २६ किलोच्या रोव्हरसकट, साधारण १७५० किलोचा. भागाकार १.८, म्हणजे वेग दर सेकंदाला १.८ मीटरने घटवता येतो. पहिल्या टप्प्यात ६९० सेकंदांत वेग सेकंदाला १६८० मीटरवरून ३५८ वर आणायचा होता, म्हणजे दर सेकंदाला सरासरी १.९ मीटरची घट. इंधन जळून यान हलकं होतं तसा तोच जोर जास्त लागू पडतो, म्हणून भागतं. पुढे तर इंजिनं मंदच करावी लागतात.

प्रश्न : बेंगळुरूत बसून यान हाताने का उतरवत नाहीत?

उत्तर : संदेश जायला १.३ सेकंद, उत्तर यायला तेवढेच. १५० मीटरवर घिरट्या घालत कॅमेरे खालचे दगड आणि खड्डे तपासतात, तेव्हा बाजूला सरकायचं की तिथेच उतरायचं, हे यानालाच ठरवावं लागतं. पॅराशूटबद्दलही विचारणा झाली आहे. तिथे हवाच नाही, ते फुगणार कशाने?