रोज पाचशे क्रंचेस, तरी ॲब्स दिसत नाहीत

"मॅडम, गोड बंद केलं, रोज पाचशे क्रंचेस मारतो, तरी पोट दिसून नाही राहिलं." माझ्याकडे समुपदेशनाला येणारी नागपूरच्या धरमपेठेतली कॉलेजची मुलं हे सांगतात, मानेवाड्याकडून येणारी पोलीस भरतीची मुलंही हेच सांगतात. अलीकडे मुलीही विचारतात. म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून, इथे मांडते.

तेविशीतला मुलगा, इंजिनिअरिंग झालेलं, नोकरीचं जमत नव्हतं. आई घेऊन आली होती. "तर्री-पोहे सोडले, हरकत नाही. पण चुलत बहिणीच्या लग्नात हा स्वतःचा डबा घेऊन बसला, मॅडम. पाहुण्यांसमोर काय सांगावं मी?" मुलगा मान खाली घालून ऐकत होता. बोलता बोलता त्याचा हात टी-शर्टखाली जायचा, बेंबीशेजारची कातडी दोन बोटांत धरून तो जाडी बघायचा आणि हात मागे घ्यायचा. आपण हे करतोय याचं भानही त्याला नव्हतं.

"दिवसातून किती वेळा बघतोस?"

"जास्त नाही."

"एक वही कर. बघितलं की वेळ लिही, कसं दिसलं ते लिही आणि त्याआधी काय खाल्लंस तेही. बाकी काही बदलू नकोस."

तो नाराज झाला. त्याला माझ्याकडून डाएट हवं होतं. पण माझा विश्वास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर आहे. माणसाला परिस्थितीपेक्षा तिचा त्यानं लावलेला अर्थ जास्त छळतो, आणि तो अर्थ तपासायला पुरावा त्याच्याच हातचा लागतो.

पुढच्या भेटीत वही गच्च भरलेली. मी त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. "सकाळी सहा, लाइन दिसते. साडेनऊ, दिसत नाही. दुपारी दोन, ढेरी. रात्री दहा, सगळं गेलं. सकाळी सहा, लाइन दिसते." इथे तो अडखळला. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. सगळीकडे तेच.

"मॅडम, रात्री दहाला गेलेलं सकाळी सहाला परत कसं येतं?"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अनेक वर्षांच्या कामातून जमायला लागलं आहे.

"आठ तासांत एवढी चरबी तर नाही जळत."

"मग दिवसभर तू काय बघत होतास?"

"जेवण... पाणी... गॅस." बऱ्याच वेळानं म्हणाला, "आणि मी त्याच्यावरून दिवस खराब करून राहिलो होतो."

"पोट दिसलं नाही की मनात काय येतं?"

"की मी कशातच टिकत नाही. नोकरी तर आपल्या हातात नाही. निदान हे तरी..."

इथे मला नेमकं कळलं. आरशाला तो पोटाबद्दल विचारतच नव्हता. मुलाखतींमध्ये न मिळालेला होकार तो दर दोन तासांनी टी-शर्ट वर करून मागत होता. त्या दिवसापासून आमचं निम्मं बोलणं नोकरीवर झालं, आणि चिमटा काढून बघणं आपोआप कमी होत गेलं.

आता शरीराबद्दल, कारण चुकीच्या माहितीवर ही काळजी पोसली जाते. पोटाचा सरळ स्नायू प्रत्येकाला असतो. त्यावरचे आडवे पट्टे जन्मतः ठरतात, म्हणून कुणाला चार कप्पे दिसतात, कुणाला सहा, कुणाला आठ, कुणाचे वाकडे. व्यायामानं स्नायू जाड होतो, कप्प्यांची संख्या बदलत नाही. क्रंचेसनं फक्त पोटावरची चरबी उतरत नाही. ती सगळ्या शरीरावरून उतरते आणि पुरुषांत पोटावरची बहुधा शेवटी. पुरुषांत साधारण 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास चरबी आली की रेषा स्पष्ट होतात. स्त्रियांचं शरीर निसर्गतःच जास्त चरबी राखतं, त्यांनी हा आकडा धरूच नये.

पोटाचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, वजन किंवा अवघडपणा वाढवत करा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप हे मोठ्या स्नायूंचे व्यायाम सोडू नका. रोजच्या गरजेपेक्षा 300 ते 500 कॅलरी कमी, त्याहून जास्त कपात नको. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घ्या. आपल्याकडे अंडी, डाळ, चणे, दही, पनीर, सोयाबीन सगळं आहे. सावजीचा रस्सा खायचा तर वरची तर्री बाजूला काढा, पण पंगतीत बसा. झोप पुरी घ्या.

फोटोतल्या पोटाशी तुलना करू नका. स्पर्धेतले बॉडीबिल्डर त्या एका दिवसासाठी पाणी-मीठ तोडतात, वर्षभर तेही तसे दिसत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात कुणी पाणी तोडायला सांगितलं तर ती जिम सोडा. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा ते चिडचिडे, उदास झाले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. तुमचा मुलगा डाएटवर चिडका झाला असेल तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी तो किती जेवतो ते बघा.

चक्कर येते, मुलीची पाळी चुकते, जेवणावरून घरात रोज भांडण होतं, माणसांत जायचं टाळलं जातं, किंवा कुणी शरीर बनवायला इंजेक्शन सुचवलं आहे, यातलं काहीही असेल तर थांबू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. आईवडिलांनी "वेड लागलंय याला" म्हणण्यापेक्षा सोबत यावं. त्या मुलाची आई आली होती, म्हणूनच वहीपर्यंत आम्ही पोचलो.