श्पेट्सले: चिमण्या पाण्यात का विरघळतात?

मागच्या लेखात श्टुटगार्टच्या खाण्यापिण्याबद्दल लिहिताना मी श्पेट्सल्यांचा जाता जाता उल्लेख केला होता. या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यावरच आहेत, तेव्हा आज दुसरं काही नाही. तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन भागात अंडी आणि मैदा फेटून केलेलं सैल पीठ थेट उकळत्या पाण्यात पाडतात, त्या जाडसर, वेड्यावाकड्या शेवया म्हणजे श्पेट्सले. लाटणं नाही, वाळवणं नाही. ‘श्पाट्स’ म्हणजे चिमणी आणि ‘ले’ हा इकडचा लाडाचा प्रत्यय, म्हणून चिमुकल्या चिमण्या. इटालियन शब्दावरून नाव आलं असंही काही जण म्हणतात. मला चिमण्याच बऱ्या वाटतात. आणि पोह्यांसारखे हेही आपले कायम अनेकवचनी.

पाव किलो मैदा आणि तीन अंडी घेतली, पीठ जरा सैल केलं आणि सोऱ्यातून पाण्यात पाडलं. निम्मे विरघळून पाण्याची खळ झाली, उरलेले पिठूळ लागले. काय चुकलं? (नाशिक)

पीठ किती वेळ फेटलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला संशय तिथेच आहे.

केक करणाऱ्यांच्या हाताला एक सवय असते: मैदा घातला की हलक्या हाताने, जेमतेम मिसळायचं. इथे नेमकं उलटं. मैद्यातली प्रथिनं पाण्याबरोबर चिवट जाळं धरतात, ज्याला ग्लूटेन म्हणतात. केकमध्ये ते नको असतं, श्पेट्सल्यांचा सगळा भार त्याच्यावरच असतो. जाळं धरलं नसेल तर पिठाला पाण्यात एकत्र ठेवणारं काहीच नाही. मग खळच होणार.

इकडच्या घरांत यासाठी मधोमध भोक असलेला लाकडी चमचा असतो. फेटताना पीठ त्या भोकातून आरपार जातं, हाताला कमी ताण पडतो. तो नसला तर साधा लाकडी कालथा घ्या. पातेलं कुशीत तिरपं धरायचं, पीठ तळातून वर ओढायचं आणि कडेवर आपटायचं. पाचसात मिनिटांनी ते चकाकायला लागतं, कालथ्याबरोबर पडद्यासारखं ताणलं जातं आणि पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे येऊन फुटतात. बुडबुडे आले की थांबा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

नंतर कालथा उचलून पाहा. पीठ धारेने गळलं तर पातळ, गोळा होऊन धपकन पडलं तर घट्ट. ते लोंबलं पाहिजे, लांबलं पाहिजे आणि मग जरा नाखुशीनेच तुटलं पाहिजे. मेदूवड्याच्या पिठापेक्षा सैल, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, आणि चिवटपणा मात्र दोन्हींत नसलेला.

दुसरी शक्यता पाण्याची. पाव किलो पिठाला निदान तीन लिटर पाणी, रुंद पातेलं आणि लिटरमागे दोन चमचे मीठ. पाणी उकळत असतानाच पाडायचं, आणि एका वेळी मूठभरच. एकदम सगळं लोटलं की पाणी थंड पडतं आणि बाहेरचा थर शिजून धरायच्या आत पीठ सुटतं. आत अडकलेली हवा गरम होऊन फुगते, म्हणून शिजत आलेले श्पेट्सले आपोआप वर येतात. वर आल्यावर अर्धा मिनिट थांबून झाऱ्याने काढा. तुमचे पिठूळ लागले ते बहुधा याच अर्ध्या मिनिटापायी.

आणि आधी एकच पाडून पाहायचा. अनारसा तळताना पहिला एकटा सोडतो ना, तसा. हसला तर चमचाभर मैदा घालून पुन्हा दोन मिनिटं फेटायचं. सगळं पीठ वाया जाण्यापेक्षा एक चिमणी गेलेली बरी.

जर्मन पाककृतीत ‘टाइप 405’ आणि ‘श्पेट्सलेमेल’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे काय घ्यायचं? अंडी किती? (पुणे)

405 हा आकडा राखेचा आहे. 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर मागे साधारण किती मिलिग्रॅम खनिजं उरतात, त्यावरून जर्मनीत पिठाला नंबर देतात. कोंडा जितका जास्त, तितका नंबर मोठा. 405 म्हणजे पांढरंशुभ्र, आपल्या मैद्याच्या जवळचं. श्पेट्सलेमेल हे मात्र जरा भरड असतं, बोटांत चोळलं तर कण लागतात. मैदा आणि रवा यांच्या मधलं. म्हणून 200 ग्रॅम मैद्यात 50 ग्रॅम बारीक रवा मिसळा. रव्याने चावताना जरा दम लागतो, पण त्याला भिजायला वेळ हवा, तेव्हा अर्ध्या तासाच्या विश्रांतीत काटछाट नको.

चक्कीवरचं गव्हाचं पीठ वापरू नका. मी पहिल्यांदा तेच वापरलं होतं. भारतीय दुकानातून आणलेली दहा किलोची पिशवी घरात होती, म्हटलं गहू तो गहू. कोंडा आणि दळताना फुटलेला स्टार्च इतकं पाणी पितात की मी पाणी घालतच गेले, आणि ताटात आली ती तपकिरी लापशी. नवऱ्याने तूपगूळ घालून खाल्ली. उपहास होता की भूक, ते मी विचारलं नाही.

अंड्यांचा इकडचा हिशोब 100 ग्रॅम पिठाला एक, आणि वर एक पातेल्यासाठी. पण जर्मन मध्यम अंडं म्हणजे 53 ते 63 ग्रॅम. आपल्याकडचं बऱ्याचदा 50 च्या आसपास असतं. तेव्हा वरच्या पाव किलोला तीन अंडी, अर्धा चमचा मीठ आणि 75 मिलिलिटर पाणी धरा. पाणी एकदम ओतू नका, शेवटचे दोन चमचे हातात ठेवा. काही जण सोडावॉटर घालतात. मी दोन्ही करून पाहिलं, फरक फेटण्यात आहे, बाटलीत नाही. खायचा सोडा मात्र चुकूनही नको, ही भजी नव्हेत.

यंत्र मागवू की सोऱ्यावर भागेल? (ठाणे)

पैसे घालवू नका. सोऱ्या चालतो, मात्र मोठ्या भोकांची शेवेची चकती लावा आणि पीठ नेहमीपेक्षा घट्ट ठेवा. पातळ पीठ दाब द्यायच्या आधीच गळतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे बुंदीचा झारा. पातेल्यावर धरायचा, वर पळीभर पीठ, आणि पळीच्या बुडाने घासायचं. खाली पडतात ते लांब नसतात, गोल थेंब असतात. त्यांना इकडे ‘क्न्योप्फ्ले’ म्हणतात, म्हणजे बटणं. हे काही कमअस्सल नाही. 2012 पासून युरोपीय संघाच्या भौगोलिक नामांकनात श्पेट्सले आणि क्न्योप्फ्ले ही दोन्ही नावं एकत्र नोंदलेली आहेत.

पण खरं काम पाटीवरचं. आमच्या शेजारच्या आजींकडे हातभर लांबीची, मूठ असलेली लाकडी पाटी आहे. पुढची कड तासून पातळ केलेली, आणि इतक्या वर्षांत मधोमध किंचित खोलगट झालेली. त्या पाटी आधी उकळत्या पाण्यात बुडवतात. मग तिच्यावर पळीभर पीठ, ते सुरीने कडेपर्यंत पातळ पसरायचं, पाटी पातेल्याच्या काठावर टेकवायची आणि सपाट पात्याने कडेवरून बारीक बारीक पट्ट्या पाण्यात ढकलायच्या. कोपर हलत नाही, फक्त मनगट. टक् टक् टक् असा आवाज येत राहतो. चारपाच फटक्यांनंतर पाटी पुन्हा पाण्यात, नाहीतर पीठ चिकटतं. वाफेने त्यांचा चष्मा पांढरा होतो, तो त्या पुसतसुद्धा नाहीत. हॉटेलांच्या मेनूवर ‘हान्टगेशाब्ट’, म्हणजे हाताने खरवडलेले, असं मुद्दाम छापतात ते याचसाठी. प्रत्येक तुकडा वेगळा होतो, कुठे जाड, कुठे शेपटीसारखा निमुळता, आणि रस्सा धरून ठेवायला खाचाखोचा तयार होतात. यंत्रातून सगळे सारखे पडतात. मला ते रबराच्या कारखान्यातले वाटतात.

घरात हे करायचं तर लहान पोळपाट नको, भाजी चिरायची पातळ लाकडी फळी घ्या आणि पीठ जरा सैल ठेवा. पहिल्या दिवशी गांडुळं पडतील. पडू देत.

आमच्याकडे खपली गहू पिकतो. तिकडे ‘डिंकेल’चे श्पेट्सले करतात असं वाचलं. डिंकेल म्हणजे खपलीच ना? (सांगली)

नाही, पण नातेवाईक आहेत. दोघांच्याही दाण्याला टरफल घट्ट चिकटलेलं असतं, मळणीत सुटत नाही, वेगळं भरडावं लागतं. पण खपलीत गुणसूत्रं 28 आणि डिंकेलमध्ये 42, म्हणजे डिंकेल आपल्या साध्या गव्हाच्या जास्त जवळचा. श्वाबेनच्या डोंगरपठारावर तो इतका पिकायचा की त्याला ‘श्वाबेनचं धान्य’ असंच नाव पडलं.

खपलीचं ग्लूटेन कमजोर असतं. नुसत्या खपलीचे केले तर पहिल्या प्रश्नातली खळ होईल. निम्मी खपली वस्त्रगाळ करून आणि निम्मा मैदा असं घ्या, रवा टाळा आणि पीठ तासभर ठेवा. रंग तांबूस येतो, चव छान लागते. ग्लूटेन सोसत नाही अशांना मात्र यातलं काहीच चालणार नाही, डिंकेलही नाही.

अंडी न घालता जमेल का? (बोरिवली)

जमेल. निम्मा रवा, निम्मा मैदा, चिमूटभर हळद, पाणी, आणि फेटणं दुप्पट. गरिबीच्या दिवसांत इकडेही नुसत्या पाण्यावर करत. पण अंड्यामुळे येणारा लुसलुशीतपणा यात नाही. हे गरम गरमच खायचे, ठेवले की दगड होतात. सासूबाईंना खिलवायचे असतील तर ‘जर्मन चकोल्या’ म्हणून वाढा, प्रश्न कमी येतील.

श्टुटगार्टला शिकायला आलो आहे. कँटीनमध्ये मसुरासारख्या डाळीबरोबर नूडल्स आणि वर सॉसेज मिळालं. ही काय भानगड? (श्टुटगार्ट)

भानगड नाही, तुम्हाला श्वाबेनचं घरचं जेवण मिळालं. ‘लिन्झन मिट श्पेट्सले’. आणि चकोल्यांवर वाढलेल्या माणसाने डाळीत शिजलेलं पीठ पाहून दचकावं, याचं मला नवल वाटतं. फरक इतकाच की इथे श्पेट्सले वेगळे शिजवून बाजूला वाढतात आणि डाळीत चिंचगुळाच्या जागी व्हिनेगर पडतं. टेबलावर व्हिनेगरची बाटली असेल, ती उचला. लोक ताटात पुन्हा वरून घालतात.

या डाळीची एक गोष्ट आहे. श्वाबेनच्या पठारावरचे जुने मसूर विसाव्या शतकात शेतातून पार गेले, बियाणंसुद्धा उरलं नाही असं सगळे धरून चालले होते. 2006 मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणं-संग्रहात सापडले. तिथून मूठभर दाणे आणून शेतकऱ्यांनी पुन्हा वाढवले. आता ‘आल्ब-लाइझा’ नावाने मिळतात. महाग आहेत, पण शिजून फुटत नाहीत. एकदा घ्याच. तोवर आपले अख्खे मसूर उत्तम. कांदा, गाजर, तेजपान, थोडा मैदा तपकिरी भाजून लावायचा, शेवटी व्हिनेगर. फोडणी नको. मला माहीत आहे, हात शिवशिवतो.

केझश्पेट्सल्यांना (चीज घातलेल्या श्पेट्सल्यांना) कोणतं चीज? आणि उरले तर? (नागपूर)

आल्गॉय या इकडच्या डोंगराळ भागात डोंगरातलं मुरलेलं चीज आणि एमेंटाल घालतात. आपल्याकडे गौडा किंवा ग्रुयेर मिळालं तर घ्या. चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज नको, त्याचा नुसता चिकट लेप बसतो. मोझरेलाला तार आहे, चव नाही. गरम श्पेट्सल्यांचा एक थर, किसलेल्या चीजचा एक, असं भांड्यात रचायचं, वर लोण्यात तपकिरी तळलेला कांदा. बिर्याणीवरचा बिरिस्ता करता तसाच, फक्त हा जरा ओलसर राहू द्यायचा.

लगेच खायचे असतील तर श्पेट्सले गार पाण्यात घालू नका, लोण्यात घोळवा. ठेवायचे असतील तरच गार पाण्यातून काढून निथळा, दोन दिवस फ्रिजमध्ये राहतात. सकाळी लोखंडी तव्यावर लोणी टाकून पसरायचे, वर एक अंडं फोडायचं, आणि खालून कडा कुरकुरीत होईपर्यंत उलथनं लावायचं नाही.