घरी ऑफ-रोड बग्गी बनवतोय: फ्रेमसाठी कोणता पाइप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की जुन्या गाडीचं ८०० सीसीचं इंजिन हाताशी आहे, दोघांना बसता येईल अशी बग्गी घरीच बनवायची आहे आणि ती शेतात, डोंगरातल्या वाटांवर पळवायची आहे. वेल्डर म्हणतोय, "एक इंची सी क्लास (जाड भिंतीचा) पाण्याचा पाइप घ्या." इंटरनेटवर मात्र जो तो क्रोमोलीचं, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलचं, नाव घेतोय. माझं ऐकाल तर दोन्ही नको. बाहेरून ३८ मिमी, जाडी २.५ मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड असताना ओढून काढलेला, बिनशिवणीचा), साधं कार्बन स्टील, एवढं डोक्यात ठेवून बाजारात जा. डोक्यामागच्या मुख्य कमानीला तेवढा ४५ मिमीचा, त्याच जाडीचा.

मी कॉलेजात असताना बाहा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांच्या बग्गी स्पर्धेसाठी दोन वर्षं फ्रेमचंच काम केलं, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

पाण्याच्या पाइपचं "एक इंच" हे नावापुरतं असतं. बाहेरून तो ३३.७ मिमी भरतो आणि सी क्लासमध्ये जाडी ४ मिमी. म्हणजे मीटरला जवळपास २.९ किलो. ३८ बाय २.५ चा पाइप मीटरला २.२ किलो, आणि तरीही वाकायला सी क्लासपेक्षा थोडा ताठच! कारण भिंतीची जाडी तीच ठेवली तर ताठपणा व्यासाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो, जाडीने तेवढा वाढत नाही. लोखंड मध्यापासून जितकं लांब, तितकं ते कामाला येतं. फ्रेमला ३० मीटर पाइप लागला असं धरा, २० किलोच्या वर वजन इथेच वाचलं.

त्यात पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असेल तर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर. पहिल्या वर्षी आम्ही सीटचा स्टँड जीआयमध्ये केला, बंद शेडमध्ये दुपारभर वेल्डिंग. संध्याकाळी तोंडात गोडसर धातूची चव आली आणि रात्री मी दोन गोधड्यांखाली कुडकुडत होतो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण तेव्हापासून जीआयला मी वेल्डिंग लावू देत नाही.

आता क्रोमोली. ४१३० हा त्याचा नेहमीचा ग्रेड वाईट नाही, ताकद भरपूर आहे. पण ताठपणा कुठल्याही स्टीलचा जवळजवळ सारखाच, साधारण २०५ गिगापास्कल. ४१३० चा फायदा घ्यायचा तर भिंत पातळ करावी लागते. पातळ पाइप दगडावर आपटला की पोचा पडतो, आणि वेल्डिंगच्या कडेचा भाग भराभर थंड झाला तर ठिसूळ होतो. त्याला आर्गन वेल्डिंग करणारा, ४१३० ची सवय असलेला माणूस हवा. आंतरराष्ट्रीय रॅलीच्या गाड्यांचे पिंजरे तुम्ही पाहिले असतील. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमात त्यासाठी साधं, मिश्रधातू नसलेलं कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलच दिलंय, मुख्य कमान ४५ बाय २.५ आणि बाकीचे मुख्य पाइप ३८ बाय २.५. वरची मापं मी तिथूनच घेतली.

बाहाचा नियम वाचून २५.४ बाय ३ वर जाऊ नका. तो १० हॉर्सपॉवरच्या, एकाच माणसाच्या गाडीसाठी आहे. तुमचं इंजिन त्याच्या तिपटीहून जास्त आहे. त्या नियमातली कार्बनची अट मात्र घ्या, किमान ०.१८ टक्के.

दुकानात गेल्यावर एसटी ५२ किंवा १०१८ ग्रेडचं स्टील मागा. मुंबईत सी. पी. टँक, खेतवाडीकडे पाइपवाल्यांची रांगच आहे, पुण्याजवळ भोसरीत चौकशी करा. टीसी (कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट) मागाच, आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या घाण्याचा क्रमांक, पाइपवर लिहिलेल्याशी ताडून पाहा. आम्हाला एकदा "सीमलेस" म्हणून साधा ईआरडब्ल्यू (पट्टी गुंडाळून शिवण वेल्ड केलेला) पाइप मिळाला. कमान वाकवताना टक् असा आवाज आला आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला वीतभर शिवण उसवली. कापलेल्या टोकात बोट घातलं तर आत उभी खरखरीत रेघ लागली. आधीच बोट घातलं असतं तर कमान वाया गेली नसती. वेल्डेड ट्यूब नंतर ओढून काढलेली असेल तर ही रेघ लागत नाही. ती ट्यूबही चालते, फक्त कागदावर तसं लिहिलेलं हवं. जाडी व्हर्नियरने टोकाला चार ठिकाणी मोजा.

वाकवण्याचं काम वेल्डरच्या हायड्रॉलिक बेंडरवर नको. त्याच्या डाय (वाकवायचे साचे) पाण्याच्या पाइपच्या मापाच्या, ३३.७ आणि ४२.४ च्या. ३८ चा पाइप ४२.४ मध्ये घातला की चपटतो. ३८ ची डाय असलेला बेंडिंगवाला शोधा, बाकाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवा. बाक झाल्यावर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीच्या खाली गेला असेल तर तो तुकडा वापरू नका.

सस्पेन्शनचे ब्रॅकेट पाइपच्या मधोमध लावू नका, जिथे तीन-चार पाइप एकत्र येतात तिथेच लावा. जोडाला पाइपच्या टोकाची माशाच्या तोंडासारखी खाच अशी कापा की फट एक मिमीपेक्षा जास्त राहणार नाही. वेल्डिंग सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूच्या मशीनवर) करा. आणि फ्रेमला हात लावण्याआधी त्याच पाइपचे वीतभर तुकडे घ्या, टी आकारात जोडून घ्या, एक व्हाइसमध्ये धरा आणि दुसऱ्यावर घण घाला. पाइप वाकला आणि जोड तसाच राहिला तर वेल्डरला पुढचं काम द्या. जोड उकलला तर करंट वाढवून पुन्हा तुकडे जोडायला सांगा.