वहीतली मिनिटं आणि अडलेला एफ

“मॅडम, दिवसभर गाणी वाजवत बसते. सरांनी दिलेला रियाज कर म्हटलं, की तोंड पडतं.”

नववीतल्या मुलीचे बाबा तिच्या गिटारच्या रियाजाबद्दल बोलत होते. हातात एक वही. तारखेपुढे मिनिटं मांडलेली: 45, 45, 20. विसाला लाल गोल. ट्रिनिटी कॉलेज लंडनची गिटारची ग्रेड परीक्षा चार महिन्यांवर आलेली, आणि पास झाली तर इलेक्ट्रिक गिटार कबूल केलेली. मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुढच्या भेटीला तिला गिटार घेऊन यायला सांगितलं. स्केल, म्हणजे सुरांचे चढ-उतार, वाजवताना खांदे ताठ, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग म्हटलं, तुला आवडतं ते वाजव. चेहरा खुलला. पण सीवरून एफ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) जाताना हात थांबला. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तिथेच.

“इथे नेहमी अडतं?”

“हो. मग मी ते गाणं सोडते, दुसरं घेते.”

अशी सोडलेली गाणी किती? तिने बोटांवर मोजली. सात.

म्हणजे बाबांची काळजी अगदीच खोटी नव्हती. नुसत्या मजेसाठी वाजवताना तिची मजाही त्या एका कॉर्डपाशी येऊन संपत होती. पण वहीचा उपयोग होत नव्हता. वही मिनिटं मोजायची, आणि पोरगी मिनिटं भरायला शिकली होती.

बाबांशी एकट्याने बोलले. 1973 सालचा मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग सांगितला. रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र’ असं आधीच कबूल केलं होतं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं त्या रंगीत पेनांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ही गिटार तिने स्वतः हट्ट करून घेतली होती.”

आम्ही तिघांनी मिळून ठरवलं ते फार थोडं. रोज सूर जुळवून आधी दहा मिनिटं फक्त सी ते एफ, ताल धरणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर. जमत असलं तरी दहा मिनिटांनी थांबायचं. लगेच तेच गाणं, अडलं तरी शेवटपर्यंत. स्केल तिने सरांशी बोलून कमी करून घेतले. सरांनी अंगठा गिटारच्या मानेमागे नीट ठेवायला आणि पहिलं बोट किंचित कडेवर टेकवायला शिकवलं. ती इतके दिवस नुसता जोर लावत होती. बाबांनी त्या वेळात खोलीत यायचं नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं, दोनदा मोडलंही.

परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलली. काही दिवस गिटार खोळीतच राहायची, विशेषतः चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. त्यावर कुणी बोलायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली. तीच वही, आता तिच्या अक्षरात. शेवटची नोंद होती: ‘एफ. दहापैकी सहा वेळा स्वच्छ. दुसरी तार अजून खरखरते.’

“आणि ती सात गाणी?” मी विचारलं.

“तीन झाली,” ती म्हणाली, आणि गिटार बाहेर काढायला लागली.