लोकअदालतीची नोटीस आली, गेलो नाही तर वॉरंट निघेल का?

भाऊ, तुमच्या मोटारसायकलवर हेल्मेटची दोन ई-चलानं थकली आहेत. मोबाईलवर लोकअदालतीची नोटीस आली आणि गल्लीतल्या लोकांनी अटकेची भीती घातली. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. असे घाबरलेले चेहरे रोज समोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागद नीट वाचा. लोकअदालतीची नोटीस हे तडजोडीचं बोलावणं असतं. लोकअदालतीला शिक्षा देण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे तिथे गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. चलान मात्र थकलेलंच राहतं आणि पुढे खटला कोर्टात दाखल होऊ शकतो. कोर्टाचं समन्स आलं तर गोष्ट वेगळी. ते मिळूनही हजर राहिला नाहीत तर न्यायाधीश वॉरंट काढू शकतात. लोक या दोन कागदांत गल्लत करतात आणि सगळी धावपळ त्यातूनच होते.

हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्ट यांसारख्या गुन्ह्यांत मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क भरलं की प्रकरण तिथेच मिटतं. कोर्ट लागत नाही, वकीलही लागत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचं तसं नाही. कलम 185 चा खटला कोर्टातच चालतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. आपल्याकडे शेतातून घरी येताना पोराला गाडी देणं अजून कुणाला गुन्हा वाटत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं? सकाळी व्हरांड्यात गर्दी असते. शिपाई पुकारा करतो, तुम्ही पुढे जाऊन उभे राहता. न्यायाधीश आरोप मराठीत सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" कबूल केलं तर बहुधा त्याच दिवशी दंड होतो. कधी कधी सोबत कोर्ट उठेपर्यंतची कैद होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहायचं. नाकारलं तर पुढची तारीख पडते आणि पोलिसांना पुरावा द्यावा लागतो.

"गुन्हा कबूल आहे का?" या प्रश्नाला उत्तर देण्याआधी थांबा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. एकदा एक म्हातारे शेतकरी पुकारा झाल्याबरोबर हात जोडून म्हणाले, "कबूल शे, साहेब." न्यायाधीशांनी विचारलं, "गाडी तुम्हीच चालवत होता का?" तेव्हा कळलं की गाडी दोन वर्षांपूर्वीच विकलेली. आरसी बुकावर नाव यांचंच राहिलं, म्हणून कागद यांच्या दारी. न्यायाधीशांनी विचारलं नसतं तर दुसऱ्याच्या चुकीचा दंड भरून ते घरी गेले असते, आणि असे किती जण जात असतील याचा विचार आला की झोप लागत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तरी 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर विसंबू नका.

तुमच्या चलानावरचा फोटो उघडून नंबर नीट बघा. गाडी तुमची नसेल तर महाट्रॅफिकवर (राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या ऑनलाइन सेवेवर) तक्रार टाका आणि पैसे भरू नका. गाडी तुमचीच असेल तर नोटिशीत दिलेल्या लोकअदालतीच्या तारखेला आरसी, लायसन्स, विमा आणि चलान नंबर घेऊन खुशाल जा. वकील करायची गरज पडली आणि ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो.

पैसे भरल्यावर पावती हातात घेतल्याशिवाय निघू नका, आणि आठवड्याने ऑनलाइन बघा, चलान थकीत यादीतून गेलं का.