पॅच बदलताना जागाही बदला

प्रश्न : डॉक्टर, मी दिंडोरी तालुक्यातली, वय 44. मागच्या दिवाळीनंतर माझी गर्भपिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही काढावी लागली. पुढं अंगातून नुसत्या वाफा, रात्री उशी घामानं ओली, झोपेचं नाव नाही. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला चिकटवायचा हॉर्मोनचा पॅच दिला, आठवड्यातून दोनदा बदलायचा. वाफा थांबल्या, झोपही लागते. पण पॅचखाली कातडी लाल होते आणि खाज अशी सुटते की चारचौघांत लाज वाटते. सध्या द्राक्षबागेची खरड छाटणी चालू आहे, दिवसभर प्लॉटवर असते, घामानं पॅचच्या कडा सुटतात. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं. जाऊबाई म्हणतात हळद लाव. आमचे हे म्हणतात, हॉर्मोननं कॅन्सर होतो, बंदच कर. फोटो पाठवत आहे.

उत्तर : ताई, पॅच मनानं बंद करू नका. अंडाशयं काढली की शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे तुमच्या पॅचमधलं हॉर्मोन, हळूहळू नाही, एकदम जातं. 44 व्या वर्षी ते गेलं तर त्रास वाफांपुरता राहत नाही, हाडं झिजतात, हृदयावरही परिणाम होतो. म्हणून पाळी आपोआप जाण्याच्या वयापर्यंत तरी ते बाहेरून द्यावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. किती वर्षं घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरीणबाई तुमचे कागद पाहून ठरवतील. ते ना यजमानांनी ठरवायचं, ना मी.

यजमानांची भीती हवेतून आलेली नाही. 2002 साली अमेरिकेतला हॉर्मोनच्या गोळ्यांचा एक मोठा अभ्यास स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसल्यानं मध्येच थांबवला गेला, तेव्हापासून ती घरोघरी पोचली आहे. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, त्यांची पिशवी जागेवर होती आणि त्या दोन हॉर्मोन एकत्र असलेली गोळी घेत होत्या. तुमची पिशवी काढलेली असल्यानं साधारणपणे एकटं इस्ट्रोजेन पुरतं. शिवाय गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढवते. पॅचमधलं औषध कातडीतून थेट रक्तात उतरतं. बाईंनी तुम्हाला गोळीऐवजी पॅच दिला, त्यामागं बहुधा हाच विचार असावा. पुढच्या खेपेला यजमानांनाही सोबत न्या आणि त्यांना समोरच विचारू द्या.

आता कातडीचं बघू, ते माझं काम. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. बेंबीच्या खाली उजवीकडं लाल चौकोन आहे, अगदी पॅचच्या मापाचा, कोपरेसुद्धा पॅचसारखेच गोल. त्याला खेटून, थोडा त्याच्यावरच चढलेला, जुना फिकट चौकोन. आणि दोन्हींच्या वरच्या कडेवरून परकराच्या नाडीचा आडवा वळ गेलाय. म्हणजे पॅच दरवेळी एकाच ठिकाणी लागतोय आणि नाडी त्याला दिवसभर घासतेय. लाली पॅचच्या हद्दीबाहेर गेलेली नाही, पाण्याचे फोड नाहीत. ही बहुतेक ॲलर्जी नव्हे. गोंद, कोंडलेला घाम आणि ओढून काढताना सोललेला वरचा पापुद्रा यांनी कातडी चिडली आहे.

नाडीच्या रेषेच्या चांगलं खाली या, नाहीतर पोट सोडाच आणि कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागावर लावा. तिथली कातडी जाड असते, कमी कुरकुरते. बसताना दबेल इतका खाली मात्र नको. एकदा उजवा, एकदा डावा, पुन्हा उजवीकडं आलात तरी चार बोटं सरकून. एका जागेला किमान आठवडाभर सुट्टी हवी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली ‘उ’ किंवा ‘डा’ लिहून ठेवा. छातीवर पॅच कधीच लावायचा नाही.

वेळही बदला. सकाळी लावून लगेच प्लॉटवर गेलात की गोंद धरायच्या आतच घाम फुटतो. संध्याकाळी घरी आल्यावर आंघोळ करा. बागेत गंधक मारलेलं असेल त्या दिवशी तर आधी आंघोळच, कारण गंधकाची भुकटी स्वतःच कातडीला झोंबते आणि तिच्यावर पॅच टिकतही नाही. पुसून घेतल्यावर अंग पुरतं कोरडं आणि गार होऊ द्या. तिथं तेल, पावडर, क्रीम काही नको. मागचा कागद सोलल्यावर पॅच दहा-पंधरा सेकंद हवेत धरा, मग लावा. काहींना एवढ्यानंही चुरचुर कमी होते. लावल्यावर तळहातानं दहा सेकंद दाबून धरा आणि कडांवरून बोट फिरवा.

काढताना एका हातानं कातडी ताणून धरा आणि पॅच कडेकडेनं, कातडीलगत मागं दुमडत सोडवा. राहिलेल्या चिकट कडेला नखानं खरवडू नका. खोबरेल लावा, पाच मिनिटं थांबा, कापडानं पुसा, साबणानं धुवा. खाज असेल तर त्या रिकाम्या जागेवर 1 टक्क्याचं हायड्रोकॉर्टिझोन क्रीम तीन-चार दिवस. पॅचखाली ते लावायचं नाही. एक तर पॅच धरणार नाही, आणि औषध किती शोषलं जाईल याचा हिशोबही बिघडेल.

ट्यूबवरचं नाव फोटोत दिसतंय, म्हणून थोडं रागावूनच लिहिते. बुरशीचं, जंतूंचं आणि जोडीला क्लोबेटासोल, असं तिन्ही एकत्र असलेली ही ट्यूब आहे. क्लोबेटासोल हे फार कडक स्टेरॉइड. लाली दोन दिवसांत पळते, म्हणून माणूस खूश होतो. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, त्यावर रेघा उठतात, गजकर्ण असेल तर हातभर पसरतं. गजकर्ण, घामोळं, मुरूम, सगळ्यांवर हीच ट्यूब चोळून माझ्याकडं लोक येत असतात. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नाही. आजच बाजूला ठेवा.

हळदीचंही तेच सांगेन. जेवणात भरपूर घ्या, पण आधीच चिडलेल्या कातडीवर तिचा लेप नको. हळदीचीही ॲलर्जी होते, लग्नाच्या हळदीनंतर पुरळ घेऊन आलेल्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत. जाऊबाईंना हे माझ्या नावावर सांगा.

एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. टिकली लावल्यावर कपाळावर खाज किंवा पांढरा डाग कधी आला होता का? जखमेवरच्या पट्टीनं कधी पुरळ उठलं होतं का? टिकलीचा आणि पॅचचा गोंद एकच असतो असं नाही, पण उत्तर ‘हो’ असेल तर मी जरा सावध होईन. पुढं लाली चौकोनाबाहेर पसरली, बारीक पाण्याचे फोड आले, पॅच काढून आठवडा झाला तरी खाज जाईना, किंवा नवा पॅच लावताच जुनी जागाही फुलली, तर ती ॲलर्जी समजा. पॅच काढा, डॉक्टरीणबाईंना त्याच दिवशी कळवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पाठीवर निरनिराळी रसायनं 48 तास चिकटवून तपासणी होते, मग एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहतात. दोष बहुधा गोंदातल्या ॲक्रिलेटचा निघतो, हॉर्मोनचा फार क्वचित. तसं असेल तर दुसऱ्या गोंदाचा पॅच किंवा इस्ट्रोजेनचं जेल हा मार्ग आहे. जेल दंडावर किंवा मांडीवर लावून सुकू द्यायचं, हात धुवायचे आणि तासभर तरी लहान मुलांचा तिथं स्पर्श होऊ द्यायचा नाही.

गावात पॅच मिळत नसेल, नाशिकच्या औषधबाजारातून, गोळे कॉलनीतून मागवत असाल, तर एप्रिलच्या उन्हात पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. फ्रिजमध्येही नको. पोट दुखलं तर गरम पाण्याची पिशवी पॅचवर ठेवायची नाही, उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं.

प्रश्न : पॅच आंघोळीत निघाला तर? वरून चिकटपट्टी लावू का? (सिडको, नाशिक)

उत्तर : चिकटपणा शिल्लक असेल तर तोच दुसऱ्या कोरड्या जागी दाबून लावा, नसेल तर नवा. बदलायचा वार मात्र पूर्वीचाच ठेवा. कागदी पट्टी फक्त कडेला चालेल, पण तिलाही गोंद असतो. आधीच खाज असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : सौ.चा वापरलेला पॅच कचऱ्याच्या डब्यातून काढून दोन वर्षांच्या नातवानं हाताला चिकटवला. काही होईल का? (पंचवटी)

उत्तर : आजोबा, लगेच काढून साबणानं हात धुतला असेल तर घाबरू नका. चघळला किंवा गिळला असता तर मी तुम्हाला ताबडतोब डॉक्टरांकडं पाठवलं असतं. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. काढल्यावर चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा, घट्ट दाबा, जुन्या पाकिटात घाला आणि झाकणाच्या डब्यात टाका. संडासात टाकू नका. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांचीही तोंडं त्या डब्यापासून लांब ठेवा.