वाटीचे माप आणि अ‍ॅपचा हिशेब

प्रश्न : माझे वय 54 आहे. गेले तीन महिने मी रोजचे जेवण मोबाइलमधील एका अ‍ॅपवर नोंदवत आहे. 'ज्वारीची भाकरी, एक' असे लिहिले की माझ्या फोनवर एक आकडा येतो आणि मुलाच्या फोनमधील दुसऱ्या अ‍ॅपवर त्याच्या जवळजवळ दीडपट. 'एक वाटी आमटी' लिहिले तरी तोच घोळ. ताटाचे छायाचित्र काढून उष्मांक सांगणारी सोयही वापरून पाहिली. यातले खरे कोणते मानावे, की हा खटाटोप सोडून द्यावा?

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण दोन्ही अ‍ॅपनी धरलेली भाकरी एकाच आकाराची नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली, पण ती कच्च्या जिन्नसांची आहेत. भाकरीचा किंवा आमटीचा आकडा हा कोणीतरी एक पाककृती गृहीत धरून काढलेला असतो आणि ती पाककृती आपल्या घरची नसते. त्यामुळे अ‍ॅपपेक्षा स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा अधिक कामाचा ठरेल. एका भाकरीला किती पीठ लागते ते एकदाच मोजा. 60 ग्रॅम लागत असेल तर भाकरी साधारण 200 किलोकॅलरींची झाली, मग ती जाड थापा की पातळ. पाण्याने वजन वाढते, उष्मांक वाढत नाहीत. हाच आकडा अ‍ॅपमध्ये 'आमची भाकरी' या नावाने साठवून ठेवा, म्हणजे रोज मोजत बसावे लागणार नाही. वाटीचेही तसेच : घरातली नेहमीची वाटी एकदा पाण्याने भरून तिचे माप घ्या.

छायाचित्रावरून उष्मांक सांगणाऱ्या सोयीवर माझा फारसा विश्वास नाही. तिला वरून दिसणारी कोथिंबीर ओळखता येते, फोडणीत किती तेल गेले ते कळत नाही. आणि खरी मेख तेलातच आहे, कारण एक ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय घटकातून (स्टार्चमधून) मात्र 4. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चौघांच्या घराला महिन्याला हे सव्वातीन किलोच्या आसपास येते. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीशी हा आकडा ताडून पाहा. या एका पडताळणीला ना अ‍ॅप लागते ना फोन.

खटाटोप सोडू नका, पण रोजचाही करू नका. दर दोन महिन्यांनी एखादा आठवडा, त्यात एक रविवार आणि शक्यतो एक उपवासाचा दिवस येईल असा, नेटाने नोंदवलात तरी पुष्कळ उलगडा होतो. (उपवासाच्या दिवशीची साबुदाणा खिचडी दाण्याच्या कुटासह नोंदवावी, ती वगळण्याचा मोह मलाही होतो.) मात्र एखादा घास नोंदवायचा राहिला म्हणून अपराधी वाटू लागले किंवा आकड्याच्या धास्तीने जेवण टाळावेसे वाटू लागले, तर नोंद त्या दिवशीच थांबवावी.

प्रश्न : माझ्या यजमानांना मधुमेह असून गोळ्या चालू आहेत. दंडाला चिकटवायचा साखरमापक सेन्सर लावावा, असा मुलीचा आग्रह आहे. त्याने खाण्यात काही फरक पडतो का?

उत्तर : पडू शकतो. मात्र हा सेन्सर रक्तातील साखर थेट मोजत नाही. त्वचेखाली पेशींच्या अवतीभवती असलेल्या द्रवातील मोजतो, म्हणून जेवणानंतर साखर झपाट्याने चढत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो. तेवढ्या काळात नुसते पोहे आणि मोड आलेल्या मटकीसह पोहे, जेवून लगेच आडवे होणे आणि वीस मिनिटे चालणे, अशा जोड्या करून आलेख पाहिला, तर कोणत्या खाण्याने आणि कोणत्या सवयीने आपली साखर किती चढते हे यजमानांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आकडा पाहून गोळ्यांची मात्रा परस्पर बदलू नये. घाम, थरथर किंवा चक्कर जाणवत असेल आणि सेन्सरचा आकडा मात्र ठीक दिसत असेल, तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ताबडतोब तपासावे.